टँकर दारात असताना

पिशवीबंद पाश्चराइज्ड दूध साधारण दोन दिवसांत वापरून संपवायचं असतं. त्या दुधात एकूण जंतू किती आहेत हे सांगणारी प्रमाण चाचणी पुरी व्हायला मात्र तीन दिवस लागतात. म्हणजे मी अहवालावर सही करते तेव्हा ते दूध कुणाच्या चहात पडलेलं असतं, कुणाकडे त्याला विरजण लागून ताकसुद्धा झालेलं असतं. अहवाल चांगला आला तर फायलीत जातो. वाईट आला तरी फायलीतच जातो, फक्त त्याआधी एक मीटिंग होते.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सहकारी दूध संघाच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मजीव तपासणीचं काम बघते. गावोगावच्या संस्थांमध्ये सकाळ-संध्याकाळ दूध गोळा होतं, बल्क कूलरमध्ये थंड होतं, तिथून टँकरने आमच्याकडे येतं. जिथे टँकर लागतात त्या जागेचं कागदोपत्री नाव आरएमआरडी, बोलण्यात नुसतं डॉक. माझी प्रयोगशाळा डॉकपासून हाकेच्या अंतरावर आहे आणि माझ्या कामातली सगळी भांडणं याच अंतरात होतात.

आधी ती तीन दिवसांची चाचणी. एक मिलिलिटर दूध नऊ मिलिलिटर निर्जंतुक द्रावणात मिसळायचं, त्यातलं एक पुन्हा नऊमध्ये, असं दहा-दहा पटीने पातळ करत जायचं. पातळ केलेलं दूध पेट्री डिशमध्ये घ्यायचं, वर ४५ अंशांपर्यंत निववलेलं आगर ओतायचं, डिश हलक्या हाताने टेबलावर फिरवायची. थिजलं की उलटी करून ३० अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ७२ तास ठेवायची. जिवंत जंतू जागच्या जागी वाढतो आणि त्याचा डोळ्यांना दिसेल एवढा ठिपका होतो. त्याला आम्ही कॉलनी म्हणतो. ठिपके मोजायचे आणि जितक्या पट पातळ केलं तितक्याने गुणायचे. ही डिश ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्या पेट्रींनी ती १८८७ साली मांडली. ते रॉबर्ट कॉख यांचे मदतनीस. आगर मात्र त्याच्याही आधीचं. कॉखच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वॉल्टर हेसे यांच्या पत्नी फॅनी जेलीसाठी स्वयंपाकघरात आगर वापरत. नवऱ्याचे जंतू उन्हाळ्यात जिलेटिनसकट वितळून जातात हे बघून त्यांनीच आगर सुचवलं. आज माझ्या ओट्यावर तेच आगर आहे. पद्धत उत्तम आहे, खात्रीची आहे. तिला घाई करता येत नाही एवढीच अडचण.

डॉकवर टँकर उभा राहिला की मात्र सगळ्यांना घाई असते. चालकाला पुढची फेरी असते, मागे दुसरा टँकर हॉर्न वाजवत असतो, आणि दूध उभ्या उभ्या तापत असतं. अर्ध्या-पाऊण तासात ठरवायचं, घ्यायचं की परत पाठवायचं. तेवढ्यात आम्ही तापमान बघतो, वास घेतो, फॅट-एसएनएफ (स्निग्धांश आणि स्निग्धाशिवायचे घन घटक) काढतो, भेसळीच्या चाचण्या लावतो आणि सीओबी करतो. सीओबी म्हणजे परीक्षानळीत थोडं दूध घेऊन उकळत्या पाण्यात पाच मिनिटं धरायचं. फाटलं तर टँकर परत. पण सीओबीत दूध फाटतं तेव्हा जंतूंचं काम उरकलेलं असतं. जे दूध आज फाटत नाही पण उद्या दुपारी ग्राहकाच्या गॅसवर फाटणार आहे, ते या चाचणीतून सुखरूप आत येतं.

त्यासाठी एमबीआरटी होती, अजूनही आहे. दहा मिलिलिटर दुधात एक मिलिलिटर मिथिलीन ब्लू घालायचं, नळीला बूच लावून ३७ अंशांच्या पाण्यात ठेवायचं. दूध छान आकाशी दिसतं. जंतू ऑक्सिजन संपवतात तसा रंग उडत जातो. अर्ध्या तासात पांढरं झालं तर दूध वाईट, पाच तास निळं राहिलं तर उत्तम. स्वस्त चाचणी, वीज थोडी, यंत्र नाही, शाळकरी मुलालाही कळेल. गंमत अशी की दूध जितकं चांगलं तितका निकाल उशिरा. ज्या संस्थेने भांडी घासली, दूध वेळेत थंड केलं, तिचा निकाल जेवणाच्या सुट्टीनंतर, आणि तोवर तिचं दूध इतरांच्या दुधात मिसळून सायलोत गेलेलं.

हे सगळं सांगितल्याशिवाय डॉकशेजारच्या खोलीतल्या यंत्राची किंमत कळत नाही. डेन्मार्कच्या फॉस कंपनीचं बॅक्टोस्कॅन. नमुना लावल्यापासून दहा मिनिटांच्या आत आकडा देतं, आणि नमुने एकामागून एक लावत गेलं तर तासाला कितीतरी. आत काय घडतं ते मी नव्या मुलांना असं सांगते. आधी दूध गरम करून त्यात रसायनं आणि विकर मिसळतात. त्याने स्निग्धाचे गोळे, प्रथिनं आणि जनावराच्या अंगच्या पेशी विरघळतात. नाहीतर त्या गर्दीत जंतू दिसायचेच नाहीत. मग जंतूंच्या डीएनएला चिकटणारा रंग घालतात. शेवटी हे पाणी इतक्या बारीक धारेतून सोडतात की जंतू एकामागे एक लेसरसमोरून जातात आणि प्रत्येक जण तांबडा चमकतो. मेंढपाळ वाडग्याच्या तोंडाशी उभा राहून मेंढरं एकेक करून मोजतो, तशी ही मोजणी. फक्त इथे मेंढरं हजारो आणि वेळ काही मिनिटांचा.

यंत्राचा आकडा आणि डिशमधला आकडा जुळत नाहीत, यावरून सुरुवातीला डॉकवर बराच वाद झाला. ते जुळणारही नाहीत. दुधात जंतू घोळक्याने असतात. डिशमध्ये सबंध घोळक्याचा एकच ठिपका उठतो, यंत्रात घोळका मोडतो आणि प्रत्येकाची गणती होते. म्हणून यंत्राचा आकडा नेहमी मोठा. दोन्हींचा मेळ घालणारं गणित असतं, ते त्या-त्या भागातल्या दुधावर बेतावं लागतं आणि अधूनमधून आगर ओतून पडताळावंही लागतं. यंत्र आल्यावर माझं आगर बंद होईल अशी आमच्या खरेदी विभागाची समजूत होती. ती मी अजून पूर्ण मोडलेली नाही, कारण तेवढ्या आशेवर ते बाकीची बिलं मंजूर करतात.

आकड्यांची थोडी कल्पना यावी म्हणून सांगते. आपल्या भारतीय मानकांच्या जुन्या प्रतवारीत मिलिलिटरमागे २ लाखांपर्यंत जंतू असलेलं कच्चं दूध 'अतिशय चांगलं', १० लाखांपर्यंत 'चांगलं', ५० लाखांपर्यंत 'बरं'. युरोपीय संघात कच्च्या गाईच्या दुधाला सरासरी १ लाखाची मर्यादा आहे. म्हणजे आपलं अतिशय चांगलं दूध तिकडे काठावर नापास होऊ शकतं. तिकडे एका गोठ्यात शेकड्याने गाई आणि गोठ्यातच टाकी. इकडे दोन म्हशी, एक गाय, हाताने धार, आणि किटली सायकलला अडकवून संस्थेपर्यंत. निरोगी जनावराच्या सडातून दूध निघतं तेव्हा त्यात जंतू फार थोडे असतात. बाकीचे किटलीतून, हातातून, पाण्यातून येतात आणि वाटेत वाढतात. ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. आठ तासांत एकाचे १ कोटी ६७ लाख. दुधात सगळे इतक्या वेगाने वाढत नाहीत, पण संध्याकाळचं दूध सकाळपर्यंत कोमट राहिलं तर काय होईल याचा अंदाज येतो.

एका संस्थेचा आकडा सकाळच्या टँकरला सारखा चढा यायला लागला. सचिवांना सगळे आप्पा म्हणतात. फोन केला तर चिडूनच बोलले, "मॅडम, मशिनला काय कळतंय? दूध बघा की, किती गोड लागतंय!"

म्हटलं, "आप्पा, गोड लागतंय तवरच सांगतेय. आंबट व्हायला लागल्यावर मशिन कशाला पाहिजे?"

तरी त्यांना पटलं नाही. मी आणि एक टेक्निशियन संस्थेत गेलो. कूलर आतून आरशासारखा चकचकीत. आप्पांनी मुद्दाम झाकण उघडून दाखवला. आमच्याकडे टॉर्चएवढं एक उपकरण असतं. ओला बोळा जागेवर फिरवायचा, नळीत घालून हलवायचा, उपकरणात ठेवायचा, काही सेकंदांत आकडा. प्रत्येक जिवंत पेशीत एटीपी नावाचा रेणू असतो आणि काजव्याच्या अंगातलं विकर एटीपी भेटला की उजेड देतं. उपकरण तो उजेड मोजतं. काजव्याच्या उजेडाला एटीपी लागतो हे विल्यम मॅकेलरॉय यांनी १९४७ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शोधलं. त्यासाठी ते गावातल्या पोरांना शंभर काजव्यांमागे पंचवीस सेंट देत. आता हे विकर प्रयोगशाळेत बनतं, काजवे सुटले.

कूलरच्या तळाला बोळा फिरवला, आकडा अगदी थोडा. भिंतींनाही थोडा. मग टेक्निशियनने दूध बाहेर काढायच्या व्हॉल्व्हची रबरी रिंग सोडवली. खाली पिवळट, बुळबुळीत थर, नखाने खरवडला तर निघेल असा. तिथला आकडा बघून आप्पाच म्हणाले, "आयला!" रोजचं सगळं दूध त्याच तोंडातून टँकरमध्ये जात होतं. दुसरी गोष्ट रात्रपाळीच्या मुलाने हळूच सांगितली. लाईट गेली की डिझेल वाचवायला जनरेटर तासाभराने चालू व्हायचा. रिंग बदलली, ती रोज काढून घासायची असं ठरलं, जनरेटरचाही नियम झाला. पुढच्या आठवड्यात आकड्यातलं एक शून्य गळालं.

या छोट्या उपकरणाबद्दल एक सावधगिरी. एटीपी जंतूंत असतो तसा दुधात, भाजीत, भाताच्या शितातही असतो. म्हणून ते सांगतं 'इथे नीट धुतलेलं नाही'. 'इथे जंतू आहेत' असं सांगत नाही. हॉटेलांच्या स्वयंपाकघरांतही हल्ली ते वापरतात आणि मालकाला छातीठोकपणे सांगतात की जंतू शून्य. तसं काही त्यातून सिद्ध होत नाही.

बॅक्टोस्कॅनच्याही मर्यादा आहेत. मेलेल्या जंतूचा डीएनए जाग्यावर असतो, तोही चमकतो; म्हणून ते कच्च्या दुधासाठी, पाश्चराइज्ड पिशवीसाठी नव्हे. पिशवीतल्या दुधाला मानकाची मर्यादा मिलिलिटरमागे ३० हजार, आणि ती बघायला आगरच. शिवाय यंत्र किती ते सांगतं, कोण ते सांगत नाही. दही लावणारे लॅक्टोबॅसिलस आणि हगवण लावणारे जंतू त्याला सारखेच.

कोण आहे हे विचारायचं तर सगळा खेळ बदलतो. आमच्या दूध पावडरमध्ये साल्मोनेला २५ ग्रॅमच्या नमुन्यात एकही सापडता कामा नये. जुनी रीत अशी. २५ ग्रॅम पावडर २२५ मिलिलिटर पेप्टोनच्या पाण्यात घालून रात्रभर उबवायची, मग निवडक द्रवांत आणखी एक दिवस, मग विशिष्ट आगरवर आणखी एक दिवस, मग संशयास्पद काळ्या ठिपक्यांच्या ओळखचाचण्या. 'नाही' म्हणायला तीन-चार दिवस, 'आहे' म्हणायला त्याहून जास्त. पीसीआर आल्यापासून दुसऱ्या दिवशी उत्तर मिळतं. कॅरी म्युलिस यांना १९८३ मध्ये सुचलेली ही युक्ती करोनाच्या काळात घरोघरी माहीत झाली: जंतूच्या डीएनएतला एक ठरावीक तुकडा पुन्हा पुन्हा दुप्पट करायचा, इतका की यंत्राला तो दिसावा.

हे दुप्पट करणं दोनेक तासांत होतं. मग दुसरा दिवस का उजाडतो? कारण पीसीआरच्या नळीत जेमतेम काही मायक्रोलिटर थेंब मावतो आणि २५ ग्रॅममध्ये साल्मोनेला कदाचित एकच असेल. तो नेमका त्या थेंबात सापडण्याची आशा व्यर्थ आहे. म्हणून त्याला आधी रात्रभर खाऊपिऊ घालून वाढवावं लागतं. ज्या वाढीची आपल्याला एरवी भीती, तिचाच इथे उपयोग. यात दुसरा फायदाही आहे. पावडर बनताना मेलेल्या जंतूंचे अवशेष वाढत नाहीत, त्यामुळे फसवा होकार येण्याची शक्यता कमी होते. एखादा विक्रेता 'दोन तासांत साल्मोनेला' म्हणाला तर मी त्याला एवढंच विचारते, तुमचं घड्याळ नमुना घेतल्यावर सुरू झालं की रात्रभर उबवल्यावर? बहुतेक वेळा यावर चहा येतो.

काही यंत्रं वेगासाठी नसतातच, माणसांचे कष्ट वाचवण्यासाठी असतात. एका फ्रेंच कंपनीचं कार्ड आहे, त्यात तीन आकारांच्या ४८ खोबणी. नमुना आपोआप भरला जातो, किती खोबणी उजळल्या त्यावरून यंत्र जंतूंची संख्या काढतं. वेळ एक-दोन दिवसांचाच. पण डिश धुणं, आगर ओतणं, डोळे फोडून ठिपके मोजणं वाचतं आणि मोजणाऱ्याच्या झोपेवर आकडा अवलंबून राहत नाही. जाहिरातीत मात्र 'स्वयंचलित' आणि 'झटपट' हे दोन शब्द जोडीनेच येतात.

आणि सगळ्यात झटपट यंत्रही आपण त्याच्या तोंडात घातलं तेवढंच बघतं. समजा दर शंभरात एक पिशवी दूषित आहे आणि आम्ही पाच तपासल्या. पाचही निर्दोष निघण्याची शक्यता ९५ टक्के. साठ पिशव्या फोडल्या तरी दूषित पिशवी निसटण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. हा हिशेब अमेरिकेत १९६० च्या आसपास अंतराळवीरांचं जेवण बनवणाऱ्या पिल्सबरी कंपनीला आणि नासाला नडला. तपासून पूर्ण खात्री करायची तर बनवलेलं बहुतेक अन्न तपासणीतच संपणार होतं. त्यातून हॅसपची पद्धत निघाली: तयार मालाच्या मागे लागण्यापेक्षा बिघाड जिथे होऊ शकतो त्या जागांवर, म्हणजे तापमानावर, वेळेवर, व्हॉल्व्हवर नजर ठेवायची.

जपानमध्ये २००० साली हे उलट्या बाजूने दिसलं. होक्काइडोतल्या स्नो ब्रँड कंपनीच्या कारखान्यात मार्चअखेर वीज गेली. दूध नळ्यांत काही तास कोमट राहिलं. स्टॅफिलोकॉकस वाढला आणि त्याने विष सोडलं. पुढे दूध तापलं, पावडर झाली, जंतू मेले. पण स्टॅफिलोकॉकसचं विष उकळूनही जात नाही. ती पावडर ओसाकाला गेली, तिथे दुधात मिसळली गेली आणि जूनअखेरपासून १३ हजारांहून अधिक लोक उलट्या-जुलाबांनी आजारी पडले. मेलेले जंतू आगरवर उगवत नाहीत, त्यामुळे नुसत्या जंतूंच्या आकड्यावरून त्या पावडरीतलं विष कळलं नसतं. त्यासाठी वेगळी चाचणी लागते. वीज जाणं ही बातमी नसलेल्या आपल्या मुलखात मी नव्या मुलांना ही गोष्ट पहिल्या आठवड्यातच सांगते. आपल्याकडे खवा, पेढे, बासुंदी खाऊन दोन-तीन तासांत पंगतच्या पंगत उलट्या करू लागते, त्यामागे बऱ्याचदा हेच विष असतं. तेव्हा 'पुन्हा उकळून घ्या' हा सल्ला कामाचा नाही.

खव्यावरून आठवलं. दिवाळीच्या तोंडावर खव्याचे नमुने घेतल्याचे फोटो दरवर्षी वर्तमानपत्रांत येतात. अन्न सुरक्षा कायद्याने अन्न विश्लेषकाला अहवालासाठी चौदा दिवस दिले आहेत. वसुबारसेला घेतलेल्या नमुन्याचा अहवाल भाऊबीज उलटून गेल्यावर आला तरी तो मुदतीतच असतो. देशाच्या अन्न नियामकाने, म्हणजे एफएसएसएआयने, झटपट किटना मान्यता देण्याची योजना काढली आहे, फिरत्या प्रयोगशाळांच्या गाड्याही आहेत. पण त्या गाड्यांमधल्या बहुतेक चाचण्या भेसळ पकडायच्या. जंतूंच्या बाबतीत अजून रस्ता बराच बाकी आहे.

माझं आताचं भांडण यंत्राशी नाही, दरपत्रकाशी आहे. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो. वर गेलं की पैसे वाढतात, खाली गेलं की कापतात. जंतूंच्या आकड्याला त्यात जागा नाही. रोज रिंग घासणाऱ्या संस्थेला आणि न घासणाऱ्या संस्थेला सारखाच भाव. युरोपात बऱ्याच ठिकाणी जंतू वाढले की पैसे कापले जातात, म्हणून तिथला शेतकरी आकड्याची वाट बघतो. आमच्याकडचा सचिव माझा फोन टाळतो.

सध्या एवढं जमवलं आहे की फॅट-एसएनएफच्या पावतीवर जंतूंचा आकडाही छापून जातो. आप्पांनी तो संस्थेच्या फळ्यावर लिहायला सुरुवात केली, त्यावरून शेजारच्या गावच्या सचिवांचा आणि त्यांचा बाजारात खटका उडाला म्हणे. चांगल्या आकड्याला लिटरमागे थोडे पैसे जास्त द्यावेत असा प्रस्ताव मी संचालकांपुढे ठेवला आहे. लेखाधिकारी विचारतात, पैसे आणायचे कुठून. उन्हाळ्यात फाटून परत आलेल्या पिशव्यांचा महिन्याचा हिशेब मी त्यांच्या टेबलावर ठेवून आले आहे. बैठक पुढच्या महिन्यात आहे.